खुशालीचे पत्र

आमच्या धुळ्याच्या घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तिच्यात कपडे नाहीत, भांडी नाहीत. आहेत ती फक्त पत्रे. निळ्या कागदाची, परदेशी तिकिटांची, कडा झिजलेली. माझे मोठे भाऊ, म्हणजे आमचे भाईजान, १९९८ साली सौदी अरबस्तानात दम्मामला नोकरीसाठी गेले. तेव्हापासून पुढची सात-आठ वर्षे आलेली पत्रे अम्मीने या पेटीत जपून ठेवली आहेत.

भाईजान गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अब्बा यंत्रमागावर काम करीत. अम्मीला कुरआन वाचता येत असे. पण लिहिता येत नव्हते. त्यामुळे पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दर महिन्याला जुम्म्याच्या नमाजनंतर अम्मी मला समोर बसवी आणि मजकूर सांगू लागे. मजकूर ठरलेला असे. आधी सलाम, मग दुआ, मग ‘इथे सर्व खैरियत आहे, तुझी खैरियत कळव’, आणि शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सलाम. शेजारी पुष्कळ होते. त्यामुळे पत्राचे शेवटचे पान नावांनीच भरून जाई.

एकदा मागावर काम करताना अब्बांचा हात पट्ट्यात सापडला. दोन बोटे चिरडली. दीड महिना त्यांना घरी बसावे लागले. घरात पैशांची ओढाताण सुरू झाली. त्या महिन्यात पत्र लिहायला बसलो, तेव्हा मी अम्मीकडे पाहिले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “लिही, इथे सर्व खैरियत आहे.”

“आणि अब्बांचा हात?” मी विचारले.

“तो इतक्या लांब आहे. तिथे एकटा काळजी करीत बसेल. काय उपयोग? तू खैरियत लिही.”

मी तसेच लिहिले.

दोन महिन्यांनी भाईजानचे पत्र आले. आमच्या मोहल्ल्यातला एक माणूस सुट्टीवरून परत दम्मामला गेला होता. त्याच्याकडून त्यांना सारे कळले होते. त्या पत्रात अब्बांसाठी दुआ होती, अम्मीसाठी पैसे पाठवल्याची खबर होती आणि शेवटी माझ्यासाठी वेगळ्या दोन ओळी होत्या. ‘छोटे, यापुढे मला खैरियत लिहू नकोस. हाल लिही.’

खैरियत आणि हाल या दोन शब्दांतला फरक मला तेव्हा नीट कळला नव्हता. भाईजान रागावले आहेत एवढेच कळले होते.

पुढे मी शिक्षक व्हायचे ठरवले आणि बी. एड.ला गेलो. मराठी हा माझा अध्यापनाचा विषय होता. मातृभाषा उर्दू असलेल्या मुलाने मराठी शिकवायची, याचे काही सोबत्यांना नवल वाटे. खरे सांगायचे तर माझ्याही मनात धाकधूक होती. अशा वेळी ग्रंथालयात मला एका माणसाची ओळख झाली. तो माणूस चारशे वर्षांपूर्वीचा होता. त्याची मातृभाषा इंग्रजी होती, आणि त्याने मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ लिहिला होता. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातला. त्याचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमाराचा. तरुणपणी तो घर सोडून रोमला गेला आणि १५७५ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या जेझुइट पंथात दाखल झाला. धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात जाण्याचे काम त्याने पत्करले. ४ एप्रिल १५७९ रोजी तो पोर्तुगालच्या लिस्बन बंदरातून जहाजात बसला आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

मुलांनो, त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. जहाजांना सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालून यावे लागे. जहाज वाऱ्यावर चाले. वारा पडला की दिवसचे दिवस एकाच जागी उभे राही. या प्रवासाला स्टीफन्सला साडेसहा महिन्यांहून अधिक काळ लागला.

गोव्यात उतरल्यावर हा तरुण पाद्री काय करतो? अवघ्या सतरा दिवसांत, म्हणजे १० नोव्हेंबर १५७९ रोजी, तो लंडनला आपल्या वडिलांना एक लांबलचक पत्र लिहितो. हे पत्र आज आपल्याला वाचायला मिळते. कारण हॅकलूट नावाच्या इंग्रज लेखकाने समुद्रप्रवासांच्या हकिकतींचा मोठा ग्रंथ तयार केला, त्यात ते छापले गेले. मी ते शब्दकोश जवळ घेऊन हळूहळू वाचले. जुनी इंग्रजी समजायला अवघड होती. पण पहिल्याच वाक्याने मला आमची पत्र्याची पेटी आठवली. आरंभीच तो वडिलांकडे रोजची दुआ मागतो, आईला सलाम कळवतो, आणि तुमची इच्छा व माझे कर्तव्य म्हणून माझी हकिकत कळवीत आहे, असे म्हणतो. घर सोडून इतक्या लांब का आलो याचे कारण तो एकाच शब्दात देतो. तो शब्द म्हणजे आज्ञापालन.

त्यानंतर तो प्रवासाचे वर्णन करतो. समुद्रात त्याला पंख असलेले मासे दिसतात. खालून मोठे मासे त्यांचा पाठलाग करतात म्हणून ते बिचारे पाण्याबाहेर उडतात, तर वर पक्षी टपलेले असतात. शार्क माशाबरोबर पोहणारे लहान पट्टेदार मासे त्याला एखाद्या श्रीमंताच्या नटलेल्या नोकरांसारखे वाटतात. वारा कसा पडला, उकाडा कसा झाला, आफ्रिकेच्या टोकाला वळसा कसा घातला, हे सारे तो बारकाईने सांगतो. ही वर्णने वाचताना वाटते, की मुलगा वडिलांचा हात धरून त्यांनाही जहाजावर घेऊन चालला आहे.

पण मला थांबवले ते पुढच्या भागाने. लांबच्या सफरीत ताजे अन्न मिळत नसे. त्यामुळे खलाशांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत आणि माणसे मरत. आज आपल्याला ठाऊक आहे, की हा स्कर्व्ही रोग, आणि तो ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. लिंबू, पेरू, आवळा खाणाऱ्याला तो होत नाही. स्टीफन्सच्या काळी हे कारण माहीत नव्हते. त्याच्या जहाजावर दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि २७ जण दगावले. ही संख्या तो वडिलांना जशीच्या तशी लिहितो. आईबापांना काळजी वाटेल म्हणून त्याने ती लपवली नाही.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. भाईजानच्या दोन ओळींचा अर्थ मला त्या दिवशी कळला. स्टीफन्सने घरी खैरियत लिहिली नव्हती. हाल लिहिला होता.

त्या काळी गोव्याहून पोर्तुगालला जहाजे वर्षातून एकदाच निघत. पत्र जायला सहा-सात महिने आणि उत्तर यायला तितकेच. मध्ये जहाजाची वाट पाहण्यात जाणारे दिवस वेगळेच. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर मिळायला दीड-दोन वर्षे लागत. तरीही तो लिहीत राहिला. गोव्यात उतरल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्याने साष्टी भागातून आपला भाऊ रिचर्ड याला लॅटिन भाषेत पत्र लिहिले. रिचर्ड तेव्हा पॅरिसला होता. या पत्रात तो इथल्या भाषांविषयी लिहितो. या भाषांचे उच्चार कानाला गोड वाटतात आणि त्यांची रचना लॅटिन व ग्रीक या भाषांसारखी आहे, असे तो भावाला कळवतो. युरोपातल्या व हिंदुस्थानातल्या भाषांचे हे नाते पुढे १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडले आणि त्यातून भाषांच्या अभ्यासाची एक नवी शाखा निघाली. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी एका भावाने दुसऱ्या भावाला ते पत्रातून सांगून ठेवले होते.

त्याच पत्रात तो आपल्या लिपीबद्दलही लिहितो. इथले अक्षर म्हणजे पूर्ण उच्चार असतो आणि स्वर बदलला की अक्षराचे रूप बदलते, हे त्याला नवलाचे वाटले. ही तर आपली बाराखडी झाली! ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी यांनी माझ्या वर्गातली मुले हैराण होतात, तेव्हा मी त्यांना सांगतो, “घाबरू नका. फादर स्टीफन्सही याच अक्षरांपुढे असाच थबकला होता.”

त्या पत्रात एक दुःखद हकिकतही आहे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. त्यांनी लोकांची देवळे पाडली आणि धर्माच्या बाबतीत सक्ती केली. त्यामुळे लोक चिडलेले होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी त्या गावच्या पुढाऱ्यांनाही ठार केले. धर्म ही मनाची गोष्ट आहे. तिथे तलवार आली की दोन्हीकडची माणसे मरतात आणि मने तुटतात. स्टीफन्सची थोरवी सांगताना हा इतिहास झाकून ठेवणे बरोबर नाही. खैरियतीचा तो आणखी एक प्रकार होईल.

याच वर्षी त्याच्या हातून एक चांगले काम घडले. चार इंग्रज माणसांना गोव्यात कैद झाली होती. त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी स्टीफन्सने खटपट केली. त्यांच्यातला राल्फ फिच हा व्यापारी पुढच्या वर्षी गोव्यातून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडा करीत बुऱ्हाणपूरला पोहोचला. बुऱ्हाणपूर ही तेव्हा आपल्या खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. भुसावळहून रेल्वेने आपण तासाभरात तिथे जातो. तिथून फिच उत्तरेला अकबर बादशहाच्या आग्रा आणि फत्तेपूर सिक्रीपर्यंत गेला. जगाच्या नकाशावर लांब दिसणारी माणसे कधी कधी अशी आपल्या दारावरून गेलेली असतात.

स्टीफन्सने गोव्यात राहून मराठी आणि कोकणी आत्मसात केल्या. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर येथे छापले गेले. देवनागरीचे छापखान्याचे खिळे तेव्हा तिथे नव्हते, म्हणून हा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. ओवी हा छंद त्याने आपल्या संतकवींकडून घेतला. संत एकनाथ त्याच्याच काळातले. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही जवळपास त्याच काळातले. त्या काळातल्या मराठीच्या अंगणात पैठणचे ब्राह्मण, श्रीगोंद्याचे मुसलमान आणि इंग्लंडचा ख्रिस्ती पाद्री असे सगळे एकत्र आलेले दिसतात. तेव्हा ही भाषा माझी कशी, असा प्रश्न मला पुन्हा पडला नाही. जो तिला जीव लावतो, त्याची ती होते. कोकणी भाषेचे व्याकरणही त्याने लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले.

१६१९ मध्ये गोव्यातच त्याचा मृत्यू झाला. तो इंग्लंडला परत गेला नाही. आपल्याकडे दीनच्या कामासाठी चाळीस दिवसांच्या चिल्ल्याला जाणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. निघताना त्यांच्या घरची माणसे दारापर्यंत येतात, डोळे पुसतात. स्टीफन्सचा मुक्काम चाळीस दिवसांचा नव्हता, तो चाळीस वर्षांचा झाला. आपला धर्म त्याच्या धर्माहून वेगळा आहे. पण आईबापांपासून दूर राहणाऱ्याचे मन ओळखायला धर्म एकच असावा लागत नाही.

आता मी जळगावला शिकवतो. दरवर्षी नववीच्या वर्गाला मी फादर स्टीफन्सची ही गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी ती सांगून झाल्यावर एक मुलगी उठून म्हणाली, “सर, त्या बिचाऱ्याकडे मोबाइल नव्हता. आता तर किती सोपे झाले! माझे अब्बू कुवेतला आहेत. आम्ही त्यांना रोज पाहतो.”

मी म्हणालो, “खरे आहे. मीसुद्धा माझ्या अम्मीला रोज पाहतो.”

हे सांगताना मला थोडा अभिमानही वाटला. अब्बांचे निधन झाल्यापासून अम्मी धुळ्याच्या घरी एकटीच राहते. आपाचे घर शेजारच्या गल्लीत आहे. मी रोज रात्री इशानंतर अम्मीला व्हिडिओवर फोन करीत असे. शेजारची लहान मुलगी बटण दाबून फोन अम्मीच्या हातात देई. अम्मी तो सरळ कानाला लावी. त्यामुळे मला अम्मीचा चेहरा न दिसता कानच दिसे.

“अम्मी, फोन समोर धर. मला तुझा कान दिसतोय,” मी हसून म्हणे.

“असू दे. मला ऐकू येते ना!” ती म्हणे.

“कशी आहेस?”

“खैरियत. तू?”

“खैरियत.”

असे दोन महिने चालले. शाळेत परीक्षा होत्या, मग पेपर तपासणे होते. जळगावहून पारोळ्यामार्गे धुळे, एस. टी.ने अडीच-तीन तासांचा रस्ता. पण जाणे झाले नाही.

शेवटी एका शनिवारी गेलो. अम्मी चूल-भांडी नेहमीसारखी करीत होती. घर तिच्या पायाखालचे. त्यामुळे मला काही वेगळे दिसले नाही. सकाळी तांदूळ निवडताना मात्र ती ते नुसत्या बोटांनी चाचपत होती. माझ्या मनात शंका आली. मी कोनाड्याकडे गेलो. अम्मी फजरच्या नमाजनंतर रोज कुरआन शरीफ वाचते आणि खुणेसाठी त्यात मोरपीस ठेवते. मागच्या खेपेला मी ते पाहिले होते. ते अजून त्याच पानावर होते.

मी विचारले, “अम्मी, तुला दिसत नाही का?”

ती काही बोलली नाही. तांदूळ चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, “धुके असल्यासारखे वाटते. तू तिथे एकटा असतोस. काळजी करीत बसशील. काय उपयोग?”

पंचवीस वर्षांपूर्वीचे तेच शब्द. तेव्हा लिहिणारा मी होतो, आता ऐकणारा मी होतो. रोज रात्री तिचा कान पाहून मी हसत होतो. तिला पडद्यावरचे काही दिसतच नाही, म्हणून ती फोन कानाला लावते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. रोज पाहत होतो, पण विचारले कधीच नव्हते. चारशे वर्षांपूर्वी एका मुलाचे एक पत्र पोहोचायला सहा महिने लागले. त्या पत्राने त्याच्या बापाला सारे दाखवले. माझा फोन एका क्षणात लागत होता आणि मला काही दिसत नव्हते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते. डॉक्टरांनी सांगितले, की वेळेवर आलात, शस्त्रक्रियेने दृष्टी परत येईल. मी रजा घेतली. आधी उजवा डोळा, मग महिन्याने डावा. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. माणूस त्याच दिवशी घरी येतो. भीती वाटावी असे त्यात फारसे नसते. पण अम्मी घाबरली होती, आणि या वेळी तिने ते लपवले नाही. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, “भीती वाटते रे.” मला त्या शब्दांनी का कोण जाणे, बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अम्मीने डोळे मिचकावले, खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. पाहतच राहिली.

“तुझे केस कधी पांढरे झाले?” तिने विचारले. “आणि किती वाळला आहेस! रोज तर खैरियत सांगत होतास.”

मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी माझेही दिवस कठीण गेले होते. त्यातले मी तिला काही सांगितले नव्हते. काळजी करीत बसेल, काय उपयोग, असे मलाही वाटले होते.

त्या रात्री आम्ही दम्मामला भाईजानला फोन लावला. अम्मीने फोन समोर धरला. कितीतरी महिन्यांनी तिने मोठ्या मुलाचा चेहरा पाहिला. भाईजान म्हणाले, “अस्सलामु अलैकुम, अम्मी. खैरियत?”

अम्मी म्हणाली, “वालेकुम सलाम. बस, सांगते.” आणि तिने धुक्यापासून सुरुवात केली.